चित्रकलेच्या तासाला 'तू नुसता बस'?

'चित्रकला सर्वांसाठी' असे आपण म्हणतो, पण वर्गात हात थरथरणाऱ्या किंवा कमी दिसणाऱ्या मुलाला बहुधा 'तू नुसता बस' असेच सांगितले जाते. मीही सुरुवातीच्या वर्षांत तेच केले, हे कबूल करते.

पुढे सेरेब्रल पाल्सी (हालचालींवरचा ताबा कमी करणारा मेंदूचा विकार) असलेल्या एका विद्यार्थ्याने मला शिकवले. ब्रशच्या दांडीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, कागद चारही बाजूंनी बाकाला चिकटवला आणि तो रंगवू लागला. खर्च शून्य! न दिसणाऱ्या मुलीसाठी फेविकॉलने रेषा काढून रात्रभर वाळवल्या, की सकाळी त्या बोटांना लागत. शाडूच्या गणपतीत तर ती डोळसांपेक्षा सरस निघाली. दृष्टी गेल्यावरही चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींनी कागदी कोलाज आणि शांतिनिकेतनात भित्तिचित्र केले, ते काय उगाच?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने शाळांवर सर्वसमावेशक शिक्षणाची जबाबदारी टाकली आहे. तिची अंमलबजावणी रॅम्पपाशीच थांबते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांची तयारी तर अजूनही वस्तुचित्र हुबेहूब काढण्यावरच चालते. ज्याला समोरची सुरई दिसतच नाही, त्याला ती हाताळून मातीत घडवू द्यायला काय हरकत आहे? या परीक्षा घेणाऱ्या कला संचालनालयाने असा पर्याय द्यावा आणि कलाशिक्षकांना निदान दोन दिवसांचे प्रशिक्षण द्यावे. अर्थात, आधी शाळेत कलाशिक्षक नेमलेला हवा!

– एक निवृत्त कलाशिक्षिका, सातारा