जुनी यंत्रणा चोरीच्या रात्री का वाजली नाही, ते आधी सांगा

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक

विषय: घरफोडीनंतर बसवलेली सदोष सुरक्षा यंत्रणा आणि आमच्या घरातून नेलेले अलार्मचे जुने नियंत्रण पॅनेल

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी आज दुपारी जे बोलणे झाले, त्यानंतर तिथे पुन्हा फोन करण्यात अर्थ उरलेला नाही, म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहीत आहे. नाशिकमधल्या आमच्या रो-हाऊसमध्ये आपल्या कंपनीने २०१९ साली अलार्म यंत्रणा बसवली आणि तेव्हापासून वार्षिक देखभाल कराराचे पैसे आम्ही दरवर्षी मुदतीत भरत आलो आहोत. गेल्या महिन्यात घरातले सगळे लग्नासाठी कोल्हापूरला गेलेले असताना चोरांनी रात्री आधी बाहेरच्या भिंतीवरच्या मीटरपेटीतला मेन स्विच बंद केला, मग कटावणीने मागचे दार उचकटले आणि कपाट फोडून माझ्या आईचा पुतळ्यांचा हार, पाटल्या व घरातली रोकड नेली. दाराला मॅग्नेटिक सेन्सर होता, जिन्याखाली हालचाल टिपणारा सेन्सर होता, गच्चीवर सायरन होता. यांपैकी काहीही वाजले नाही आणि आमच्या कोणाच्याही फोनवर संदेश आला नाही.

वीज तोडली तरी यंत्रणा जागी राहावी यासाठीच पॅनेलमध्ये १२ व्होल्टची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते आणि ती साधारण तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते, हे आपल्याला मी सांगायला नको. आमची बॅटरी २०१९ पासून एकदाही बदललेली नव्हती. देखभालीसाठी येणारा तंत्रज्ञ सायरन एकदा वाजवून दाखवत असे आणि कागदावर सही घेऊन जात असे. ही चाचणी प्रत्येक वेळी घरात वीज चालू असताना झाली. बॅटरीवर यंत्रणा चालते की नाही हे पाहण्यासाठी मेन स्विच बंद करणे एवढेच काम होते. ते चोरांनी केले, आपल्या माणसांनी कधीच केले नाही.

चोरीनंतर आपला विक्री प्रतिनिधी मात्र ताबडतोब आला. घरात कपाट अजून तसेच उघडे पडलेले होते आणि आई रात्री झोपत नव्हती, अशा अवस्थेत त्याने आम्हाला ४८,००० रुपयांची नवी यंत्रणा सुचवली आणि आम्ही ती घेतली. बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने जुने पॅनेल बदलीच्या सवलतीत जमा करायचे असते असे सांगून ते उतरवून नेले. त्या पॅनेलच्या मेमरीत वीज किती वाजता गेली, बॅटरी केव्हापासून क्षीण होती, दार कधी उघडले, याची तारीख-वेळेसह नोंद राहते. म्हणजे आपली सेवा कुठे कमी पडली याचा एकमेव पुरावा आपल्याच माणसाने आमच्या घरातून नेला आणि त्याची पोचसुद्धा दिली नाही.

आजचा फोन त्यासाठीच होता. मी ग्राहक सेवा केंद्रातल्या प्रतिनिधीला शांतपणे सांगितले की चोरीच्या रात्री अलार्म का वाजला नाही, याचा लेखी अहवाल हवा आहे. ती म्हणाली, “सर, आमच्या सिस्टिममध्ये त्या तारखेचा अलार्म दिसत नाहीये.” मी म्हणालो, वाजला नाही हीच तक्रार आहे. त्यावर, “सर, अलार्म नसेल तर इव्हेंट नाही, आणि इव्हेंट नसेल तर तिकीट ओपन करता येत नाही.” वरिष्ठांना फोन द्यायला सांगितले, तेव्हा बराच वेळ संगीत ऐकवल्यानंतर एक गृहस्थ आले आणि म्हणाले, “आमच्या रेकॉर्डप्रमाणे तुमच्याकडे चोरी झालेली नाही.” भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ आणि ३३१ खाली घरातील चोरी व घरफोडीचा गुन्हा नोंदवलेला आहे, असे मी सांगितले, तर उत्तर आले, “ते पोलिसांचं रेकॉर्ड झालं, सर.” पॅनेलचे विचारले, तर जुना माल परत मिळत नाही, म्हणाले. माझी ८१ वर्षांची आई शेजारी बसून हे सगळे स्पीकरवर ऐकत होती. तिच्या आईकडून आलेला हार गेला आहे, आणि आपल्या कंपनीचा माणूस तिला ऐकवतो की चोरी झालीच नाही. मला राग आला आहे तो नुकसानीपेक्षा या वाक्याचा.

आता नव्या यंत्रणेविषयी. मी स्वतः मेन स्विच बंद करून मागचे दार उघडले. सायरन वाजला, पण फोनवर संदेश आला नाही, कारण वीज गेल्यावर राउटर बंद पडतो आणि पॅनेलला संपर्काचा दुसरा मार्गच नाही. आपल्या कोटेशनवर ‘वाय-फाय व ४जी दुहेरी संपर्क’ असे स्पष्ट छापलेले आहे. पॅनेल उघडून पाहिले तर सिमची खाच रिकामी आहे. सिम ग्राहकाने आणायचे असते, असे आता सांगण्यात येते. हे पैसे घेताना का सांगितले नाही? कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरलाही बॅटरीचा आधार दिलेला नाही, म्हणजे गेल्या वेळी ज्या एका कृतीने आमचे घर उघडे पडले, त्याच कृतीने ते उद्या पुन्हा उघडे पडेल. जुनी यंत्रणा का फसली हे न तपासता नवी विकली की असेच होणार.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(११) नुसार ग्राहकापासून संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडवणे हीसुद्धा सेवेतील त्रुटी आहे. जुने पॅनेल मेमरी न पुसता परत करावे. त्यातील आणि आपल्या सर्व्हरवरील नोंदी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रासह तपास अधिकाऱ्यांकडे द्याव्यात. चालू स्थितीतले ४जी सिम आणि डीव्हीआरसाठी बॅटरीची सोय आपल्या खर्चाने करावी आणि वीज बंद ठेवून माझ्यासमोर चाचणी घ्यावी. पॅनेल भंगारात गेले असेल, तर कोणी, कधी आणि कोणाच्या आदेशाने पाठवले, हे लेखी कळवावे.

पंधरा दिवसांत हे झाले नाही, तर मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. आमच्या गल्लीतल्या आणखी काही घरांत आपलीच यंत्रणा आहे. त्या सर्वांना मेन स्विच बंद करून चाचणी घ्यायला मी आजच सांगितले आहे.

आपला ग्राहक,
नाशिक

प्रत: तपास अधिकारी