दोनला निघ, चारला नको

चि. अनघास,
अनेक आशीर्वाद.

सॅडलसोर 1000 म्हणजे मोटारसायकलवर 24 तासांत 1,000 मैल, आपले 1,610 किलोमीटर. देहूरोड ते नेलमंगला आणि परत हा मार्ग बरा निवडलास. हमरस्ता सोडावा लागत नाही आणि बंगळूर शहरात शिरायचं टळतं. फक्त अंतर ओडोमीटरवर मोजू नकोस. तो बहुतेक गाड्यांत थोडं जास्तच दाखवतो, आणि या राईडचं प्रमाणपत्र देणारे आयर्न बट असोसिएशनवाले नकाशावरचं अंतर धरतात. नकाशावर जाऊन-येऊन 1,650 भरत असेल तरच नेलमंगलाला वळ, नाहीतर थोडं पुढे जा.

आता हिशेब. चौपदरी रस्त्यावर दुचाकीला 80 ची मर्यादा. ती पाळली तर चालत्या गाडीची सरासरी फार तर 75 पडते. म्हणजे 22 तास चाक फिरतंच आहे, उरले दोन. कोल्हापूर, हुबळी, चित्रदुर्ग, नेलमंगला आणि येताना पुन्हा तेच तीन, असे सात थांबे. दहा-दहा मिनिटांचे केलेस तर 70 मिनिटं जातात, पंचवीस-पंचवीसचे केलेस तर 175. दुसऱ्या हिशेबात राईड देहूरोडलाच बुडते, आणि मग लोक ती वेळ वेगातून काढायला जातात. पेट्रोलची काळजी नाही. तुझ्या डॉमिनार मोटारसायकलची टाकी 13 लिटरची, 27 चं मायलेज धरलं तरी साडेतीनशे जाते, आणि तुझा एकही टप्पा अडीचशेच्या फारसा वर नाही.

दहा मिनिटांचा थांबा घरी सराव करून बसवावा लागतो. पावती हाच राईडचा पुरावा, म्हणून पंपावर शिरताच आधी बिल मागायचं, मग टाकीचं झाकण उघडायचं. पावतीवर गावाचं नाव, तारीख आणि वेळ तिथंच वाच. पंपाच्या मशीनचं घड्याळ चुकीचं असणं अजिबात नवीन नाही. चुकलं असेल तर शेजारच्या एटीएमची स्लिप घे. पावतीचा आणि ओडोमीटरचा एकत्र फोटो काढ, कारण तो थर्मल कागद उन्हात, टँक बॅगेत, संध्याकाळपर्यंत पुसट होतो. मग लघवी, पाणी, दोन खजूर, की निघालीस. हुबळीला आणि चित्रदुर्गला चेन गरम आहे तोवर लूब मार. चहाला बसू नकोस. चहा दोन मिनिटांचा असतो, बसणं वीस मिनिटांचं.

निघायची वेळ तू पहाटे चारची लिहिलीस, ती बदल. चारला निघालीस तर परतताना खंबाटकी घाट रात्री अडीच-तीनला येईल, आणि माणसाला सगळ्यात गाढ झोप येते ती त्याच वेळी. जुना बोगदा संपताच एस आकाराचं वळण आहे, आणि पुढे कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत सलग उतार, तिथे ट्रकचे ब्रेक निकामी होतात. ही दोन्ही ठिकाणं तुझ्या शेवटच्या दोन तासांत आहेत. दोनला निघालीस तर खंबाटकीला साडेबारा-एक वाजतील. त्यासाठी आधीच्या चार रात्री संध्याकाळी सहा-सातलाच आडवी हो. आदल्याच दिवशी प्रयत्न केलास तर झोप येणार नाही.

महिना ऑक्टोबर अखेरचा धर. पाऊस बहुतेक सरलेला असतो आणि उसाचा गळीत हंगाम भरात आलेला नसतो. एकदा तो भरात आला की कराड ते संकेश्वर पट्ट्यात बिनदिव्याच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर रात्री चालतात. समोरून दिवे आले की ट्रॉली दिसतच नाही.

सर्व्हिसिंग आदल्या दिवशी करू नकोस. दोन आठवडे आधी कर आणि मग चारशे-पाचशे किलोमीटर फिरव. सैल नट, चुकीची बसलेली वायर, जे काय व्हायचं ते तेवढ्यात होतं. हवा सकाळी गाडी थंड असताना भर. वाटेत दाब चढलेला दिसला म्हणून सोडू नकोस, तो गरम टायरचा असतो. टायर ट्यूबलेस आहेत, तेव्हा पंक्चरच्या प्लगचं किट आणि हवेचा छोटा पंप पुरे, पण एक प्लग जुन्या टायरवर लावून बघ. अंगाला सुती आतले कपडे नकोत. घाम धरतात आणि शिवणीपाशी सोलतं. कानात इअरप्लग घाल, वाऱ्याच्या आवाजानेच निम्मा थकवा येतो.

आणि मजा? ती असतेच. निपाणीच्या पुढे उजाडेल, दुपारच्या आत चित्रदुर्गच्या टेकड्यांवरच्या पवनचक्क्या दिसतील.

येताना कोल्हापुरात एक खोली पैसे भरून ठेव. हेल्मेटमध्ये दुसरी जांभई आली की वीस मिनिटं पंपावर डोळे मिट. तरी आली तर खोलीवर जा, राईड तिथेच संपली.

सुरुवातीच्या साक्षीदाराच्या रकान्यात माझं नाव लिही. पावणेदोनला पंपावर येते. चहा आणणार नाही.

तुझी,
आई