मने, जागा चिऊकडे बघून ठरव

प्रिय मनू,

काल फोनवर पोरांचा एवढा दंगा चालला होता की धड काही बोलताच आलं नाही, म्हणून आज बसून लिहितेय. फेब्रुवारीतल्या फाशिंगच्या (कार्निव्हलच्या) सुट्टीत आपण आठजणांनी मिळून बर्फात जायचं हे ऐकल्यापासून बाबा नुसते खूश आहेत, तळघरातली जुनी स्लेज काढून पुसूनसुद्धा ठेवलीय त्यांनी. पण मने, ऑस्ट्रियातल्या सेंट अँटनचं बुकिंग एवढ्यात करू नकोस, आधी हे सगळं वाच आणि मग जावईबापूंशी बोल.

त्यांचं मन तिकडे का ओढ घेतंय ते मला कळतं गं. स्की करणाऱ्यांची पंढरीच ती, त्या आर्लबर्ग भागातला स्की क्लब 1901 चा, हानेस श्नायडरने स्की शिकवायची पद्धत तिथंच घडवली, आणि जो चांगला स्की करतो त्याला तिथले उभे उतार आणि आखलेल्या वाटांबाहेरचा मऊ बर्फ सोडून दुसरीकडे जावंसं वाटणार नाही. त्यांनी मित्रांबरोबर जरूर जावं, आठवडाभर जावं, तेव्हा मुलांना मी सांभाळते. पण या खेपेला आपल्यात कोण कोण आहे ते जरा मोज. जावईबापू काळ्या, म्हणजे सगळ्यात अवघड उतारावरचे, तू लाल म्हणजे मधले सहज करतेस, दादूचा एकच कोर्स झालाय, चिऊने अजून स्की पायात घातलेली नाही, मी सोप्या निळ्याच्या पुढे जात नाही, बाबांचा गुडघा बदललेला म्हणजे त्यांना चालणं आणि स्लेज एवढंच, आणि तुझे सासू-सासरे नाशिकहून येणार ते आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघणार. आठातले दोघंच खरे स्की करणारे, मग जागा त्या दोघांच्या सोयीची कशी घ्यायची?

तुला आठवत नसेल, तू सहा वर्षांची होतीस, आपल्याला बर्नला येऊन दुसराच हिवाळा होता. बाबांच्या ऑफिसातल्या लोकांबरोबर आपण एका मोठ्या नावाजलेल्या ठिकाणी गेलो होतो, नाव नाही लिहीत. शिकणाऱ्यांचं मैदान तिथं वर डोंगरावर होतं, गावात नव्हतं. मी तीन दिवस शिकले होते आणि नकाशावर गावात उतरणारा निळा रस्ता दिसत होता म्हणून निर्धास्त होते. संध्याकाळी चार वाजता तो निळा बंद, उरला फक्त लाल, दिवसभर हजार लोकांनी घासून त्याची काच झालेली, आणि त्या बाजूच्या खुर्चीच्या लिफ्टने खाली कुणाला नेतच नव्हते, ती फक्त वर यायला. मी दोनदा पडले, मग स्की काढल्या, खांद्यावर घेतल्या आणि त्या कडक बुटांत कडेकडेने चालत उतरले, तास गेला त्यात. खाली आले तर स्की शाळेच्या टपरीपाशी तू एकटी उरलेली, मास्तरीणबाई तुझा हात धरून उभ्या, आणि तू तुझ्या लाल हातमोज्याची दोरी चावून चावून पार ओली केली होतीस. रडत नव्हतीस, नुसती बघत होतीस डोंगराकडे. ती दोरी मला अजून दिसते, मने. चिऊच्या बाबतीत मला ते नकोय.

म्हणून मी कुठल्याही जागेबद्दल पहिला प्रश्न हाच विचारते की शिकणाऱ्याला लिफ्टने किंवा गाडीने खाली येता येतं का. किती किलोमीटरचे उतार आहेत ते सगळे जाहिरातीत लिहितात, हे कुणी लिहीत नाही, ते नकाशा नीट बघूनच कळतं. आणि रंगांवर डोळे मिटून जाऊ नकोस. आमच्याकडे स्वित्झर्लंडमध्ये नियमाने निळा म्हणजे साधारण शंभर मीटरला पंचवीस मीटर उतार आणि लाल चाळीसपर्यंत, फ्रान्समध्ये त्याच्याही आधी हिरवा असतो, पण तरी एका गावचा निळा आणि दुसऱ्या गावचा निळा यात फार फरक पडतो, अरुंद असेल, सावलीत असेल, त्यावरून वेगात घरी जाणारी गर्दी असेल तर नवख्याला तो लालच वाटतो.

माझ्या मनात इथलं वेंगेन गाव आहे. खाली लाउटरब्रुनेनला गाडी लावायची आणि दातेरी रुळाच्या ट्रेनने वर जायचं, गावात गाड्याच नाहीत, त्यामुळे चिऊ आणि दादू रस्त्यात मोकळे धावले तरी तुझा जीव वरखाली होणार नाही. शिकणाऱ्यांची जागा गावाच्या मधोमध आहे, स्टेशनपासून चालत. चिऊला सकाळी तिथं सोडायचं. स्नोली नावाचा ससा आहे इथल्या स्की शाळांचा, त्याच्या नादाने पोरं रडणं विसरतात. स्कीची टोकं जुळवून पिझ्झा केला की थांबायचं, एवढं तिला दोन दिवसांत जमेल. फक्त तिला पहिल्या दिवशी टी-बारवर, म्हणजे दांड्याने वर ओढणाऱ्या लिफ्टवर, नेऊ नका, मोठं माणूस आणि लहान मूल शेजारी असलं की आडवा दांडा मोठ्याच्या गुडघ्यामागे येतो आणि मुलाच्या पाठीत, दोघंही पडतात. सरकत्या पट्ट्यावरच ठेवा.

पण वेंगेनचं खरं कारण दुपारचं जेवण आहे. तिथून ट्रेन वर क्लाइने शाइडेगला जाते, 2061 मीटरवर, अर्ध्या तासाच्या आत, आणि ही ट्रेन स्की न करणाऱ्यालाही तितकीच चालते. म्हणजे तुम्ही दोघं आणि दादू वरून स्की करत या, मी निळ्याने येईन, बाबा आणि व्याही-विहीण चिऊला घेऊन ट्रेनने, आणि साडेबाराला सगळे आयगर डोंगराच्या समोर एका टेबलावर. जेवण झालं की बाबा दादूला स्लेजवर बसवून खाली आणतील. दुसऱ्या बाजूला मेनलिशेनला गावातून केबल कार पाचेक मिनिटांत पोचवते, वर चालायला दाबून सपाट केलेली वाट आहे, विहीणबाईंना काठी घेऊन आरामात फिरता येईल. बऱ्याच ठिकाणी स्की न करणारी माणसं दिवसभर खोलीत बसून असतात आणि रात्री सगळे दमून परत येतात ते झोपायलाच. एवढा खर्च करून नाशिकहून आलेल्या माणसांना आपण खिडकीतून बर्फ दाखवायचा का?

जावईबापूंना सांग, त्यांचीही सोय आहे. लाउबरहॉर्नची शर्यत जानेवारीत होऊन गेलेली असेल, साडेचार किलोमीटरचा तो उतार नंतर सगळ्यांना खुला असतो, 2013 साली तिथल्या हानेगशुस नावाच्या टप्प्यावर एका फ्रेंच खेळाडूने ताशी 161.9 किलोमीटर वेग गाठला होता. आयगरग्लेचर स्टेशनवरून काळे उतार आहेत, अगदी आयगरच्या भिंतीखालून. आणि एक दिवस त्यांना एकट्याला समोर म्युरेन-शिल्टहॉर्नला जाऊ दे, 2970 मीटर, सगळ्या युंगफ्राउ भागाचा पास घेतला की तोच चालतो. दादूला मात्र बरोबर नेऊ देऊ नकोस, तो वडिलांना नाही म्हणत नाही आणि मग घाबरून गप्प बसतो, अगदी तुझ्यावर गेलाय.

एक आहे, वेंगेन 1274 मीटरवर, म्हणजे गावात बर्फ असेलच याची खात्री नाही, 2023 च्या नवीन वर्षाला कितीतरी ठिकाणी हिरव्या कुरणांत पांढरी पट्टी असं चित्र होतं. फेब्रुवारीत धोका कमी, आणि वर 2000 च्या पुढे बरं असतं. पण फेब्रुवारीत आमच्याकडच्या शाळांनाही सुट्ट्या, त्यामुळे जागा आत्ताच बघायला हवी, बहुतेक घरं शनिवार ते शनिवारच देतात.

आणि हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेलं घरच घे, स्टेशनच्या जवळचं, चढावर नको. व्याही शाकाहारी आहेत, रोज चीज खाऊन कंटाळतील. वर रेस्टॉरंटमध्ये रोष्टी घ्या त्यांच्यासाठी, बटाट्याचा कीस तव्यावर दाबून खरपूस केल्यासारखी लागते, पण बेकन घालत नाहीत ना ते आधी विचारायचं, मकरोनी-बटाट्यातही बरेचदा असतं. मी भाजणी, मेतकूट आणि लसणाची चटणी आणतेच आहे.

युंगफ्रायोखच्या उंच खिंडीत जायचं विहीणबाईंनी मनात धरलंय असं तू म्हणालीस. जाऊ या, 1912 पासून तिथं ट्रेन जाते, पण ते 3454 मीटर आहे आणि व्याह्यांना बीपीची गोळी चालू आहे, म्हणून पहिले तीन दिवस नको, आणि त्यांच्या डॉक्टरांना नाशिकमध्येच विचारून येऊ देत. वर गेल्यावर हळू चालायचं, पाणी प्यायचं, पायऱ्या घाईने चढायच्या नाहीत.

त्यांच्यासाठी लोकरीचे मोजे विणायला घेतलेत मी, पण ते घरात घालायला. स्कीच्या बुटात मुलांना एकच पातळ लांब मोजा घाल, दोन घातले की पाय आवळतो आणि उलट जास्त गारठतो. हेल्मेट सगळ्यांना, स्लेजवरही, बाबांनासुद्धा, ते माझं ऐकत नाहीत, तू सांग.

दोन घरं बघून ठेवलीयत मी, एक स्टेशनच्या अगदी मागेच आहे आणि त्याला बाल्कनी पण आहे, उद्यापर्यंत धरून ठेवतो म्हणालेत. आज रात्री पोरं झोपली की फोन कर, कितीही उशीर झाला तरी, आणि विहीणबाईंच्या पावलाचं माप विचारून ठेव.

तुझी आई