वाचन प्रेरणा दिनी मुलांना १० ऑगस्ट १९७९ शिकवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, राज्यातल्या शाळांत २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. फोटोला हार, चार-पाच मुलांची भाषणे, तासभर अवांतर वाचन असा कार्यक्रम असतो. भाषणांत रामेश्वरमचा पेपर टाकणारा मुलगा हमखास येतो, मग एकदम 'मिसाइल मॅन' आणि लगेच राष्ट्रपती भवन. मधली तीस वर्षे गळालेली असतात. त्यातच मोबाइलवर फिरणारी, कलामांनी कधी उच्चारली की नाही याचा पत्ता नसलेली वाक्ये फळ्यावर सुविचार म्हणून चढतात. या माणसाची नम्रता आणि चिकाटी मुलांना कळावी असे मनापासून वाटत असेल, तर त्या गळालेल्या वर्षांतला एक दिवस तपशिलासह शिकवावा, अशी शाळांना कळकळीची विनंती आहे. तो दिवस १० ऑगस्ट १९७९.

'एसएलव्ही-३' हे उपग्रह कक्षेत नेण्यासाठी भारताने बनवलेले पहिले यान. उंची २२ मीटर, वजन १७ टन, टप्पे चार आणि चारही घन इंधनाचे. एवढा पसारा जेमतेम ४० किलोचा उपग्रह वर नेण्यासाठी. प्रकल्प संचालक कलाम होते, तर घन इंधनाच्या कामामागे आपले वसंतराव गोवारीकर. घन इंधन एकदा पेटले की मनात येईल तेव्हा विझवता येत नाही, आणि जळताना यानाचे तोंड योग्य दिशेला ठेवायचे तर वेगळी नियंत्रण यंत्रणा लागते. दुसऱ्या टप्प्याच्या या यंत्रणेत ऑक्सिडक, म्हणजे इंधन जाळायला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ, म्हणून लाल वाफा सोडणारे तीव्र नायट्रिक आम्ल वापरले होते. ते किती घातक आहे हे आधीच्या एका जमिनीवरच्या चाचणीत दिसले होते. तपासणीत १२ पैकी एक व्हॉल्व्ह दाद देईना, म्हणून काही जण जवळ जाऊन पाहू लागले आणि आम्लाची टाकी फुटली. सहा सहकारी भाजले. चिकाटी म्हणजे काय हे सांगताना हे सहा जणही मुलांना सांगायला हवेत.

आता श्रीहरिकोटा. उड्डाणाला ८ मिनिटे उरली असताना आम्लाच्या टाकीवरच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हला (विजेच्या आदेशाने उघडमिट होणाऱ्या झडपेला) पहिला आदेश गेला. व्हॉल्व्ह उघडला, पण आत घाण अडकल्याने परत मिटलाच नाही. आम्ल गळू लागले. शेवटच्या काही मिनिटांची तपासणी संगणकाकडे होती. त्याने नियंत्रण यंत्रणेत दोष दाखवला आणि उलटमोजणी रोखली. कलामांच्या शेजारी बसलेल्या तज्ज्ञांनी आकडेमोड करून सांगितले की काळजी नको, साठा पुरेसा आहे. कलामांनी संगणकाला बाजूला सारले आणि यान सोडले.

पहिला टप्पा व्यवस्थित जळला. दुसरा टप्पा पेटला तेव्हा त्याला सावरायला नियंत्रणाचे बळच उरले नव्हते. यान डळमळले, वेग आणि उंची गमावत गेले. ३१७ सेकंदांत सगळा खेळ संपला आणि उपग्रहासकट अवशेष ५६० किलोमीटरवर बंगालच्या उपसागरात पडले.

वर्गात इथे थांबावे. 'कलाम हरले नाहीत' असे म्हणून पुढे पळू नये, कारण शिकण्यासारखे सगळे इथेच आहे. साठा किती उरला हा एक प्रश्न आणि गळती थांबली का हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल तर पहिल्याच्या उत्तरावर विसंबता येत नाही. वर्षांची मेहनत पणाला लागलेली असताना, घड्याळ पुढे सरकत असताना हुशार माणसांच्याही हातून हे निसटते. कलामांच्याही निसटले.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. पत्रकार परिषदेला इस्रोचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन स्वतः सामोरे गेले. अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्याकडे घेतली, आपल्या लोकांवर विश्वास असल्याचे सांगितले आणि वर्षभरात यश मिळेल अशी ग्वाही दिली. दुसऱ्या दिवशी, ११ ऑगस्टला, ७० हून अधिक शास्त्रज्ञांसमोर चिकित्सा झाली. तिथे कलाम उभे राहिले आणि मोहीम थांबवायला हवी होती, ती आपण थांबवली नाही, ही आपली चूक, असे त्यांनी कबूल केले. अध्यक्षांनी आदल्या दिवशीच ढाल धरली होती, तेव्हा कलामांना गप्प बसता आले असते. ते बसले नाहीत. शिवाय ही हकीकत जगाला कळली ती मुख्यतः कलामांच्याच तोंडून. राष्ट्रपतिपदानंतरही ठिकठिकाणच्या सभांत ते ती सांगत राहिले, आणि तिच्यात संगणकाला डावलणारा माणूस ते स्वतः आहेत हे कधी झाकले नाही.

१८ जुलै १९८० रोजी 'एसएलव्ही-३'ने ३५ किलोचा 'रोहिणी' कक्षेत नेला आणि स्वबळावर उपग्रह सोडणारा भारत सातवा देश ठरला. त्या दिवशी धवन पत्रकारांसमोर गेले नाहीत. त्यांनी कलामांना पुढे केले.

गोष्ट सहसा इथे संपवतात. तिचा खरा कस पुढे लागला. कलाम पुढे संरक्षण संशोधनात गेले. तिथे 'अग्नी' क्षेपणास्त्राच्या पहिल्या टप्प्याला 'एसएलव्ही-३'चीच पहिल्या टप्प्याची मोटर होती. २० एप्रिल १९८९ रोजी उड्डाणाला १४ सेकंद असताना संगणकाने होल्ड, म्हणजे 'थांबा' असा इशारा, दिला. उड्डाण रद्द झाले. १ मे रोजी १० सेकंद असताना पुन्हा होल्ड, पुन्हा रद्द. वर्तमानपत्रांतून खिल्ली उडाली, व्यंगचित्रे आली. दहा वर्षांपूर्वी होल्ड ओलांडणारा हाच माणूस आता दोनदा मागे फिरला, दोष शोधून दुरुस्त केला आणि २२ मे १९८९ रोजी 'अग्नी' यशस्वी झाले. नम्रता शब्द मुलांना समजावून द्यायला ही तीन तारखांची ओळ आम्हाला कुठल्याही व्याख्येपेक्षा उपयोगी वाटते.

हे शिकवायला दोन तासिका पुरतात. पहिल्या तासिकेत मुलांना निकाल न सांगता फक्त उलटमोजणीपर्यंतची माहिती द्यावी: गळती आहे, संगणक 'थांबा' म्हणतो, तज्ज्ञ 'चालेल' म्हणतात. मग हात वर करून मत घ्यावे आणि प्रत्येकाला कारण एका ओळीत लिहायला लावावे. बहुतेक हात 'सोडा' म्हणून वर आले तर बिथरू नये, तेच अपेक्षित आहे. त्यानंतर ३१७ सेकंद सांगावेत. आधी निकाल सांगितला की सगळेच शहाणे होतात आणि तासिका वाया जाते.

दुसरी तासिका प्रयोगशाळेत घ्यावी. आपल्या प्रयोगवह्यांतला जुना रोग असा की उत्तर आधी ठरते आणि निरीक्षणे मागून जुळवली जातात. लंबकाचा प्रयोग घ्या. लांबी १ मीटर असेल तर एका आंदोलनाला साधारण २ सेकंद लागतात. स्टॉपवॉच सुरू करताना मूल 'शून्य' ऐवजी 'एक' म्हणते, म्हणजे २० मोजली तरी आंदोलने १९ च होतात. वेळ येते ३८.१३ सेकंद आणि गुरुत्व त्वरण निघते १०.८६. पुस्तकात ९.८. इथे खोडरबर बाहेर येते. ते येऊ देऊ नये. १०.८६ तसेच ठेवून खाली कारण शोधायला लावावे: मोजणी कुठून सुरू झाली, लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत घेतली की वरच्या कडीपर्यंत, झोका फार मोठा दिला का. १ सेंटिमीटर त्रिज्येच्या गोळ्याची लांबी वरच्या टोकापर्यंतच धरली, तर उत्तर ९.७ येते, म्हणजे हा दोष उलट्या दिशेने ओढतो. उत्तर जास्त आले की कमी, यावरूनच मूल निम्मे कारण ओळखू लागते. चुकलेल्या आकड्याला गुण कापू नयेत, कारण न लिहिल्यास कापावेत.

शिक्षकांनीही एक पथ्य पाळावे. गट चुकला तर निकाल सांगायला त्यांनी स्वतः उभे राहावे, जमला तर त्या गटातल्या सर्वांत अबोल मुलाला पुढे करावे. दोरा, गोळा, मीटरपट्टी आणि स्टॉपवॉच बहुतेक शाळांत आहे. १५ ऑक्टोबरच्या आधीच्या आठवड्यात प्रयोगवहीचे एक पान 'काय चुकले व का' या मथळ्याखाली कोरे ठेवायला सांगितले, तर त्या दिवशी वर्गात मोठ्याने वाचायला मुलांचे स्वतःचे काही असेल.

आपले,
काही निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा