माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेबद्दल

शिकागो, १० ऑगस्ट २०२५

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

काल दादाशी बोलणं झालं. गणपतीच्या आत माळा रिकामा करायचा, रद्दीवाल्याला सांगून ठेवलंय, असं म्हणाला. फ्लॅटमध्ये जायचं म्हणजे सामान कमी करावंच लागणार, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तांब्याचा बंब, मोडका पाळणा, माझी कॉलेजची पुस्तकं, काय काढायचं ते काढा. फक्त बाबांची कुस्तीची हँडबिलं, कात्रणं, तिकिटं असलेली हिरवी ट्रंक रद्दीत जाऊ देऊ नका. फोनवर हा विषय निघाला की बाबा "अगं, जुने कागद ते" म्हणून मोकळे होतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे. दादा मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देईल.

गेल्या आठवड्यात अर्णवला घेऊन रोझमाँटला गेले होते. तुम्ही आलात तेव्हा ज्या ओ'हेअर विमानतळावर उतरला होतात, त्याच्या शेजारचंच हे गाव. तिथं खेळाडूंची कार्डं जमवणाऱ्यांचं देशातलं सगळ्यात मोठं संमेलन भरलं होतं. 'द नॅशनल' म्हणतात त्याला. १९८० साली लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलात सुरू झालं, आता दरवर्षी भरतं, कधी शिकागोजवळ, कधी क्लीव्हलंडला, कधी अटलांटिक सिटीत. यंदा ३० जुलै ते ३ ऑगस्ट असे पाच दिवस होतं. आपल्या कोल्हापुरात खासबागेत कुस्तीच्या मोठ्या मैदानाच्या दिवशी भवानी मंडपापासून जशी रीघ लागते, तशी सकाळी दारं उघडायच्या आधीच माणसं उभी होती. सत्तरीचे आजोबा होते, त्यांच्या हाताला धरून आलेली नातवंडं होती. बहुतेकांच्या हातात कार्डांच्या कुलूपबंद पेट्या किंवा चाकांच्या बॅगा.

आई, तुला कार्ड म्हणजे काय ते सांगते. पत्त्याएवढा जाड कागद, पुढं खेळाडूचा फोटो, मागं त्याची उंची, वजन, सामने, धावा. दादा बोळात बसून पोरांबरोबर "चेस्ट किती? बायसेप्स किती?" करत डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं खेळायचा ना, त्याच जातीचं. सुरुवात झाली सिगारेटच्या पाकिटातून. पाकीट मऊ असायचं, आतल्या सिगारेटी मोडू नयेत म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा घालायचे. त्यावर चित्रं छापली तर गिऱ्हाईक संच पुरा करायला पुन्हा पुन्हा तेच पाकीट घेईल, हे कंपन्यांच्या लक्षात आलं. इंग्लंडात क्रिकेटपटूंची अशी कार्डं निघाली, त्यांत आपले रणजितसिंहजीही आहेत. पुढं सिगारेट गेली आणि च्युइंगगम आलं.

इथल्या सगळ्यात नावाजलेल्या कार्डांपैकी एक १९०९ ते १९११ च्या दरम्यानचं, होनस वॅग्नर नावाच्या बेसबॉलपटूचं. तंबाखू कंपनीनं छापलं, पण ते लवकरच बंद झालं. आपल्या चित्रापायी पोरांनी तंबाखू विकत घ्यावी हे त्याला पसंत नव्हतं, असं सांगतात. आज त्याच्या साठएक प्रती शिल्लक असतील, आणि २०२२ मध्ये त्यातली एक ७२ लाख ५० हजार डॉलरला गेली. बाबा, तालमीच्या दारात विडी ओढणाऱ्याला तुम्ही हटकायचा. हा माणूस तुम्हाला आवडला असता.

पण मला तुम्हाला सांगायचंय ते दुसऱ्या कार्डाबद्दल. १९५२ साली टॉप्स या कंपनीनं मिकी मॅन्टल या तरुण बेसबॉलपटूचं कार्ड काढलं. ते कार्ड असलेला संचाचा भाग बेसबॉल हंगामाच्या शेवटी बाजारात आला, पोरांचं लक्ष फुटबॉलकडे वळलेलं, माल खपला नाही. वर्षानुवर्षं खोकी गोदामात पडून राहिली. शेवटी १९६० च्या सुमारास कंपनीच्या माणसानं ती बोटीत भरून अटलांटिक समुद्रात नेऊन टाकली. हे त्यानं स्वतःच पुढं सांगितलं. कंपनीच्या लेखी ती रद्दीच होती. त्याच कार्डाची एक चांगली राहिलेली प्रत २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकली गेली. रुपयांत शंभर कोटींच्या घरात.

१९५२ म्हटल्यावर तुमच्या डोक्यात काय आलं असेल ते मला माहीत आहे. माझ्याही तेच आलं. त्याच साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून त्यांच्या जाण्यासाठी सात हजार रुपये उभे केले, खाशाबा परत आले तेव्हा कऱ्हाडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे तुम्ही मला जेवताना किती वेळा ऐकवलंय. त्या सभागृहात उभी असताना मला एकच प्रश्न पडला होता. त्या मिरवणुकीचे, त्या वेळच्या मैदानांचे, सत्कारांचे कागद आज कोणाकोणाच्या घरात आहेत? आणि त्यातले किती किलोवर गेले?

पैशासाठी लिहीत नाहीये. हे दादालाही सांगा, कारण "किती येतील?" हा त्याचा पहिला प्रश्न असेल. आपल्याकडं कुस्तीच्या हँडबिलांचा असा बाजार नाही, आणि असता तरी ती विकायची नव्हती. तिथं पैशाचा खेळही बघितला. काही टेबलांवर मोबाइलसमोर बसून नवी पाकिटं फोडणं चालू होतं, लांबून लोक आधीच पैसे भरून आपल्या नशिबात काय निघतंय ते बघत होते. भारी कार्ड निघालं की आरडाओरडा, बाकीची खोक्यात भिरकावलेली. त्या भिरकावलेल्या कार्डांवरही कुणीतरी घाम गाळून संघात आलेला पोरगा होता. मला ते आवडलं नाही आणि अर्णवला मी तिथं थांबू दिलं नाही.

आवडलं ते आतल्या बाजूचं, जुन्या मालाच्या टेबलांचं. तिथं एक म्हातारे गृहस्थ कार्ड तपासत होते. आधी हात पुसले. मग कार्ड दोन बाजूंनी कडेला धरून दिव्याखाली थोडं तिरकं केलं, म्हणजे पृष्ठभागावरचा ओरखडा चमकतो. मग भिंग लावून चारही कोपरे एकेक करून पाहिले, मग कडा, मग पांढरी चौकट चारी बाजूंनी सारखी आहे का ते. अर्णव श्वास रोखून बघत होता. इथं कंपन्या असतात, त्या असंच तपासून एक ते दहा गुण देतात आणि कार्ड कडक प्लास्टिकमध्ये सीलबंद करून देतात. मला त्या गृहस्थांचे हात बघून तुम्ही हँडबिलाची घडी उलगडता ते आठवत होतं.

शेजारच्या टेबलावर सामन्यांची जुनी तिकिटं होती, अर्धी फाडलेली. एकाच्या मागं पेन्सिलीनं कोण बरोबर होतं आणि पाऊस किती वाजता आला ते लिहिलेलं. टेबलवाला म्हणाला, हे लिहिलेलं आहे म्हणून मी विकत नाही, दाखवायला आणतो. मी अर्णवला तिथं आपल्या घरच्या ट्रंकेबद्दल सांगितलं, आणि तो टेबलवालाही ऐकत थांबला. खासबाग त्याला ठाऊक नव्हतं. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं, जमिनीत खोल गेलेला आखाडा, भोवती उतरत्या पायऱ्यांवर हजारो माणसं, आणि कुठूनही कुस्ती दिसते, हे मी सांगितल्यावर त्यानं फोटो शोधून बघितला. म्हणाला, तिथलं एकही तिकीट मी आजवर पाहिलेलं नाही.

बाबा, म्हणूनच तुमचे कागद मोलाचे आहेत. १९८० नंतर इथं सगळ्यांना वाटू लागलं की कार्डं म्हणजे गुंतवणूक. कंपन्यांनी बेसुमार छापली, लोकांनी खोकीच्या खोकी जपून ठेवली, आज त्यांना कोणी विचारत नाही. जुनी दुर्मीळ झाली कारण पोरं ती सायकलच्या तारांत अडकवायची आणि आया केर काढताना टाकून द्यायच्या. 'कुस्त्यांचे जंगी मैदान' असं मथळ्याला छापलेलं गुलाबी, पिवळं हँडबिल कोण ठेवणार? खळ लावून भिंतीवर चिकटवायचं, पावसात गळून जायचं. तुम्ही ठेवलंत. सतपाल आणि युवराज पाटलांच्या कुस्तीचं आहे, हिंदकेसरी अंदळकर आबांचा फोटो आहे, 'पुढारी' आणि 'सत्यवादी'ची कात्रणं आहेत, पाटाकडील आणि शिवाजी मंडळाच्या फुटबॉल मॅचची तिकिटं आहेत. आणि ती खिशातली डायरी, जिच्यात क्रिकेटपटू भाऊसाहेब निंबाळकरांची सही आहे. ४४३ नाबाद! १९४८ साली पुण्यात, काठियावाडविरुद्ध, ब्रॅडमनच्या विक्रमी ४५२ ला नऊ धावा कमी असताना समोरच्या संघानं जेवणाच्या सुट्टीत सामनाच सोडून दिला. ज्यानं ते सोसलं तो माणूस आपल्या कोल्हापुरात साधेपणानं राहिला, २०१२ मध्ये गेला. त्यांची सही एका मध्यमवर्गीय घरातल्या डायरीत आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आई, तू म्हणशील बापलेकीचं एकमेकांच्यातच चाललंय. तुझंही त्या ट्रंकेत आहे. तळाशी, कापडात गुंडाळलेला तुझ्या शाळेच्या खो-खो संघाचा फोटो. तू कधी बाहेर काढत नाहीस. नॅशनलमध्ये केटलिन क्लार्क या बास्केटबॉल खेळणाऱ्या पोरीच्या कार्डांसमोर बाप्यांची गर्दी होती. तिच्या सही केलेल्या एका कार्डाला याच जुलैत ६ लाख ६० हजार डॉलर आले. तिथं बराच वेळ उभी राहून मी तुझा विचार करत होते. नऊवारीतल्या आजीनं तुला खेळायला पाठवलं, हेसुद्धा मला मावशीकडून कळलं. त्या फोटोतल्या मुली कोण, आज कुठं आहेत, पाटीवर कोण बसायचं आणि खो कोण द्यायचं, मला सगळं हवंय.

तर आता काय करायचं ते लिहिते. ट्रंक दादानं उतरवावी, बाबांनी शिडीवर चढू नये. २०१९ च्या पुरात शाहूपुरीत काकांच्या घरात पाणी आलं आणि अल्बमची पानं एकमेकांना चिकटून गेली, तेव्हा नव्या घरातही ती जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून नको, कपाटाच्या मधल्या खणात ठेवा. आता पावसात सगळं उलगडत बसू नका. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की काढा, सावलीत, उन्हात नाही, उन्हानं सहीची शाई उडते. टाचण्या, स्टेपलच्या पिना आणि रबरबँड तेवढे आत्ताच काढून टाका, गंज कागद खातो. फाटलेल्याला सेलोटेप लावायची नाही. आणि कोणी कितीही सांगितलं तरी लॅमिनेशन करायचं नाही! त्यातून कागद पुन्हा बाहेर येत नाही. वर्तमानपत्राचा कागद स्वतः पिवळा पडतो आणि शेजारच्यालाही डाग पाडतो, म्हणून कात्रणं फोटोंपासून वेगळी ठेवा. डांबरगोळ्या नकोत, त्या वासानं बाबांचाच दम वाढतो. मी आम्लमुक्त कागदाचे लिफाफे आणि पारदर्शक पाकिटं घेतलीत, डिसेंबरमध्ये येताना आणते. बाजारातल्या मऊ प्लास्टिकच्या फायली तोवर वापरू नका, त्या चिकटतात.

सगळ्यात महत्त्वाचं काम मात्र लिफाफ्यानं होणार नाही. बाबांनी सांगायचं, आईनं लिहायचं. आईचं अक्षर चांगलं आहे आणि बाबा जिथं कुस्ती रंगवून सांगतात तिथं तीच त्यांना आवरते. वही करा. एकेका कागदाला नंबर, आणि त्याच्यासमोर: कोणतं मैदान, कोणाबरोबर गेला होता, नंबर एकची कुस्ती कोणाची, कोणत्या डावावर निकाली झाली की बरोबरीत सोडवली. साल आठवत नसेल तर "थोरल्याच्या जन्माआधी" एवढं लिहिलं तरी चालेल. फोटोच्या मागं पेनानं लिहू नका, मऊ पेन्सिलीनं कडेला हलकं. कंटाळा आला तर थांबा, घाई नाही.

अर्णवनं तिथं एका पोराशी अर्धा तास घासाघीस करून आपली दोन कार्डं देऊन एक घेतलं आणि त्या आनंदात घरी आल्यावर स्वतःच कार्डं करायला बसलाय. पहिलं गणपतराव अंदळकरांचं आहे. मागच्या बाजूला त्यानं लिहिलंय: हिंदकेसरी १९६०, जकार्ता आशियाई स्पर्धा १९६२ मध्ये सुवर्ण आणि रौप्य, टोकियो ऑलिंपिक १९६४, अर्जुन पुरस्कार. एक ओळ रिकामी सोडलीय, 'आवडता डाव'. इंटरनेटवरचं नको, आजोबांनी डोळ्यांनी बघितलेलं हवं, असं त्याचं म्हणणं आहे. रविवारी फोन करू तेव्हा सांगा, आणि तो डाव कसा लागतो तेही, त्याला चित्र काढायचंय.

औषधं वेळेवर घ्या. दादा-वहिनींना नमस्कार, पिंकीला पापा.

तुमची,
वैशू