भूलतज्ज्ञाचे नाव कोण छापणार?

महोदय,

कालच्या अंकात पहिल्या पानावर आलेली नऊ तासांच्या शस्त्रक्रियेची बातमी मी दोनदा वाचली. मुख्य सर्जन, त्यांचे सहकारी, रुग्णालयाचे प्रमुख, इतकेच काय, यंत्रासाठी देणगी देणाऱ्यांचेही नाव त्यात आहे. नऊ तास त्या रुग्णाचा श्वास ज्यांच्या हातात होता त्या भूलतज्ज्ञाचे नाव मात्र कुठेही नाही. ‘रुग्णाला भूल देण्यात आली’ या चार शब्दांत तुमच्या प्रतिनिधीने विषय संपवला. कोणी दिली? ती नऊ तास टिकवली कोणी, आणि शेवटी रुग्णाला सुखरूप जागे कोणी केले?

इंजेक्शन टोचले की भूलतज्ज्ञाचे काम संपते, असा समज लोकांत आहेच. अशा बातम्यांनी तो आणखी पक्का होतो. मोठ्या ऑपरेशनमध्ये स्नायू सैल करणारे औषध दिले की रुग्णाचा स्वतःचा श्वास थांबतो. मग घशातून श्वासनलिकेत नळी घालून यंत्रावर श्वास चालवावा लागतो. नाडी, रक्तदाब, रक्तातला ऑक्सिजन, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, शरीराचे तापमान, किती रक्त गेले, किती लघवी झाली, हे सगळे शेवटचा टाका पडेपर्यंत आणि त्यानंतरही कोणीतरी पाहत असते. सर्जनची नजर जिथे चिरले आहे तिथे असते, आणि ती तिथेच असायला हवी. बाकीचा देह भूलतज्ज्ञ सांभाळतो. तो आधी पूर्ण शिकलेला डॉक्टर असतो आणि त्यानंतर काही वर्षे फक्त हाच विषय शिकलेला असतो.

हे मला कळले ते माझ्या यजमानांच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनमुळे. आदल्या संध्याकाळी एक डॉक्टरबाई खोलीत आल्या. त्यांनी यजमानांना तोंड पूर्ण उघडायला लावले, टॉर्चने घसा पाहिला, मान मागे करायला सांगितली. रात्री घोरता का, जिना चढताना धाप लागते का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, घरात कोणाला भूल दिल्यावर कधी त्रास झाला होता का, एकेक प्रश्न शांतपणे विचारला. पुढचा एक दात हलत होता. तो त्यांनी बोट लावून पाहिला आणि कागदावर नोंदवला; नळी घालताना निखळून श्वासमार्गात जायला नको म्हणून. सर्जननी आम्हाला ऑपरेशन समजावले होते. माणसाची इतकी बारकाईने चौकशी केली ती या बाईंनी.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशननंतर त्याच बाहेर आल्या आणि काय घडले ते त्यांनी मला स्पष्ट सांगितले. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात गॅस भरतात. तो भरताना पोटाचे आतले आवरण ताणले गेले आणि यजमानांची नाडी एकदम खाली गेली. त्यांनी सर्जनना तिथेच थांबायला लावले, गॅस सोडायला सांगितला, नाडी वाढवणारे अ‍ॅट्रोपिन हे औषध दिले. नाडी वर आली, तेव्हा हळूहळू पुन्हा गॅस भरून ऑपरेशन पार पाडले. ‘पुढे कधीही भूल द्यायची वेळ आली तर हे आधी सांगा,’ एवढे बजावून त्या पुढच्या केससाठी आत गेल्या. ज्यांच्यामुळे माझे यजमान आज घरात वावरत आहेत, त्यांचे नाव मला आजही माहीत नाही. डिस्चार्ज कार्डावर सर्जनचे नाव पदव्यांसह ठळक छापलेले होते. भूलतज्ज्ञापुढची रेघ कोरी होती. संमतीपत्रावर सही होती, पण ती वाचता येत नव्हती.

पुढे यजमानांचे हर्नियाचे ऑपरेशन ठरले. नव्या भूलतज्ज्ञांनी पहिल्या भुलेचा कागद मागितला: कोणती औषधे दिली, नळी सहज गेली का, नाडी किती उतरली. मी आधीच्या रुग्णालयात गेले. फाइलमध्ये तो कागद नव्हता. ‘भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, त्या दिवशी कोण होते ते आता सांगता येणार नाही,’ असे खिडकीतून उत्तर मिळाले. माझा संताप संताप झाला. जिवाशी गाठ असलेली माहिती, आणि ती ज्यांच्याकडे आहे तो डॉक्टर कोण हेच कोणाला ठाऊक नाही! म्हणून सांगते, नाव छापा हा केवळ मानापमानाचा प्रश्न नाही.

आज ज्या अतिदक्षता विभागांच्या उद्घाटनांचे फोटो तुम्ही छापता, त्यांच्या उभारणीतही भूलतज्ज्ञच पुढे होते. 1952 च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनमध्ये ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्यातून नळी घालून रुग्णांना हाताने पिशवी दाबून श्वास देण्याचा मार्ग दाखवला. वैद्यकीय विद्यार्थी आळीपाळीने खाटेपाशी बसून पिशव्या दाबत होते. नवजात बाळाची प्रकृती पहिल्या काही मिनिटांत ज्या गुणांवरून जोखतात, ती अ‍ॅपगार पद्धत 1953 मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या व्हर्जिनिया अ‍ॅपगार याही भूलतज्ज्ञच.

तेव्हा शस्त्रक्रियेच्या बातमीत सर्जनबरोबर भूलतज्ज्ञाचेही नाव द्यावे, आणि रुग्णालयांनी दिले नाही तर तुमच्या प्रतिनिधीने ते विचारून घ्यावे. कालच्या बातमीतले राहिलेले नाव उद्या छापले तरी चालेल.

जाता जाता आणखी एक. याच महिन्यात तुमच्या आरोग्य सदरात ‘ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही घेऊ नये’ असा सरसकट सल्ला आला आहे. भुलेत पोटातले अन्न वर येऊन फुफ्फुसात जाऊ नये म्हणून उपाशी ठेवतात, हे खरे. पण निरोगी प्रौढाला सहसा हलके खाणे सहा तास आधीपर्यंत आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. दूध मात्र खाण्यात धरतात. कोणाला वेगळे पथ्य लागेल ते त्याचा भूलतज्ज्ञ सांगतो. म्हाताऱ्या माणसांना रात्रभर तहानेने तळमळत ठेवणारा तो सल्ला कृपया दुरुस्त करून, त्याच सदरात, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावा.

आपली,
एक नियमित वाचक