कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना, सहावीच्या बाईंकडून

मावशी, नमस्कार.

हे पत्र मी तुम्हाला वाचूनच दाखवणार आहे. सही करायला चाळिशीनंतर शिकलात, हे तुम्हीच मुलांना सांगितलं होतंत. तरी आधी इथे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण चूकही मी सगळ्यांसमोरच केली होती.

कार्यानुभवाला दरवर्षी 'टाकाऊतून टिकाऊ' असतं. यंदा मी पाण्याच्या बाटलीचं पेनस्टँड करायला सांगितलं. व्हरांड्यात प्रदर्शन मांडलं, पालकांनी फोटो काढले. तुम्ही नेहमीसारख्या शाळेचा कचरा न्यायला आलात, एक पेनस्टँड उलटंपालटं करून बघितलंत आणि म्हणालात, "बाई, ही बाटली तर कोरी हाय." खरंच होती. घरी रिकामी बाटली नव्हती म्हणून निम्म्या पोरांनी आदल्या संध्याकाळी कोल्ड्रिंक आणवलं होतं. वर तुम्ही म्हणालात, "आता हिला रंग लावला, टिकल्या चिकटवल्या. हिला भंगारवाला हात बी लावत न्हाय." म्हणजे जी बाटली वितळून पुन्हा कामाला आली असती, ती आम्ही फेव्हिकॉल लावून कायमची कचऱ्यात घातली होती. आणि मी त्याला दहापैकी नऊ गुण दिले होते.

तुम्हाला वर्गात बोलवायचं तेव्हाच ठरवलं. तुम्ही आधी नको म्हणालात. मग आलात त्या गोणी घेऊनच, आणि ती सरळ फरशीवर ओतलीत. मुलांनी नाकं दाबली. एका बाटलीत गुटख्याची पिंक होती, एकीत आंबलेला रस आणि त्यात मुंग्या. "ही बिसलरी मी हातानं रिकामी करते," एवढंच तुम्ही म्हणालात. (आमच्या लेखी बिसलरी एका कंपनीचं पाणी, तुमच्या धंद्यात ती सगळ्याच पारदर्शक बाटल्यांची जात.) नंतर काटा काढलात. किलोला किती बाटल्या लागतील विचारल्यावर पोरं म्हणाली दहा, फार तर पंधरा. चाळीस झाल्या तरी काटा किलोला टेकेना, तेव्हा वर्ग गप्प झाला. प्लास्टिकबंदी आली त्या २०१८ साली मी याच विषयावर निबंध लिहून घेतले होते. पानंच्या पानं भरली होती मुलांनी, पण वर्ग असा गप्प झाल्याचं मला आठवत नाही.

गळ्यातलं ओळखपत्रही तुम्ही दाखवलंत. 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' हे नाव पोरांना इतकं आवडलं की मधल्या सुट्टीत ते गाण्यासारखं म्हणत होती. पुण्यातल्या कचरावेचकांची ही संघटना १९९३ची, आणि त्यातूनच पुढे २००८ला 'स्वच्छ' ही संस्था उभी राहिली, हे मलासुद्धा तेव्हा नीट कळलं. इतकी वर्षं मी याच शहरात राहते.

मग शेवटच्या बाकावरून प्रश्न आला. "मावशी, आम्ही बाटल्या आणल्याच नाहीत तर तुमचे पैसे बुडतील ना?" मी जरा धास्तावले. तुम्ही मात्र हसलात. "बुडतील थोडं. पुठ्ठा हाय, पत्रा हाय. पर तुमच्या शाळेत पोरं बाटल्या का आणत्यात, ते बघितलं का कुणी?" आणि आम्हा सगळ्यांना घेऊन नळापाशी गेलात. तीनपैकी दोन नळ बंद, तिसऱ्याखाली शेवाळ. टाकी कधी धुतली होती, कुणालाच सांगता येईना. मी रोज त्या नळावरून जाते मावशी, आणि बाटली घरून आणते.

पालकसभेत हा विषय मुलांनीच काढला. टाकी धुऊन झाली, नळ बसले, त्याला महिनाभर लागला. केरळातल्या शाळांत २०१९ला पाणी प्यायची वेगळी घंटा सुरू झाली होती, तशी आम्हीही दोनदा वाजवतो. घरून स्टीलच्या बाटल्या येतात. त्यांवर नावं कोरून घ्यावी लागली, कारण सगळ्या सारख्याच दिसतात आणि भांडणं होतात. जानेवारीत सिंहगडाला सहल गेली तेव्हा विकतच्या तीनच बाटल्या निघाल्या. त्यांतली एक मुख्याध्यापकांची.

उरलेल्या बाटल्या आता तुम्ही दाखवल्या तशा पाणी ओतून, चेपून तुमच्याकडे येतात. विज्ञानाच्या तासाला आम्ही बाटलीचा तुकडा आणि तिचं झाकण बादलीत टाकून पाहिलं. तुकडा बुडाला, झाकण तरंगलं. पुनर्वापराच्या कारखान्यात दोन प्लास्टिकं अशीच पाण्यात वेगळी करतात. पुढे बाटलीचा धागा होतो, त्याचं कापड होतं. २०१५च्या विश्वचषकातली आपल्या संघाची जर्सी अशाच बाटल्यांच्या धाग्याची होती, हे सांगितल्यापासून मुलगे बाटली चेपताना शॉट मारल्यासारखी चेपतात. आवाज फार होतो, पण चालू दे म्हटलं.

तुम्ही पाऊण तास दिलात. त्या दिवशी तुमची खेप उशिरा झाली असणार, आणि मानधन द्यायला आमच्याकडे खातं नव्हतं. शाल-नारळ तुम्ही घेतला नाहीत. मनापासून आभार मानते.

ती पेनस्टँडं मात्र अजून माझ्या कपाटावर आहेत. सव्वीस आहेत. त्यांचं काय करायचं ते तुम्हीच सांगा, मला विचारायला लाज वाटते.

तुमच्या,
सहावीच्या बाई